वामनदादांचे गाणे आणि शेवटचे कडवे



स्मरणिका समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितले की, तुम्ही जुने कार्यकर्ते, तेव्हा चार गोष्टी इतिहासाच्या लिहा. विहाराची जागा कशी मिळाली, पत्रे कोणी दिले, विटा कोणी वाहिल्या, बुद्धमूर्ती कोणाच्या दानातून आली, हे सर्व दुसरे बांधव लिहीतच आहेत आणि त्यातले ते आमच्यापेक्षा जाणते आहेत. म्हणून आम्ही ठरवले की आपण गाण्याचा इतिहास लिहावा. कारण खरे सांगायचे तर आपल्या वाडीत विहार नंतर आले, गाणे आधी आले. चार भिंती उभ्या नव्हत्या तेव्हाही चौदा एप्रिल होता, बुद्धपौर्णिमा होती, सहा डिसेंबर होता. बांबूला एक बत्ती टांगलेली असे, खाली गोणपाट अंथरलेले असे, आणि त्या गोणपाटावर बसून आपले वाडवडील गात असत.

त्या गाण्यांतली निम्म्याहून जास्त गाणी एकाच माणसाची होती. तो माणूस म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. आम्ही लहानपणापासून त्यांच्या गाण्याचे वेडे. त्यांची गाणी ऐकण्यासाठी रात्र रात्र जागलो, एसटी चुकली म्हणून पायी आलो, वह्या भरभरून गाणी उतरवून घेतली. या लेखात त्यांचा इतिहास आहे, आपल्या जासईचा थोडा आहे, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही आहे. ती कबुली शेवटी येईल.

अंगठ्याकडून अक्षराकडे

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना बरोबर २५ वर्षे पूर्ण झाली. आईचे नाव सईबाई. घरची गरिबी, शाळेचे नाव नाही. गुरे राखावीत, लाकूडफाटा आणावा, मोळी विकावी, असे बालपण. पोटासाठी मुंबईला आले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत काम केले, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले. आमच्यासारख्या गिरणीतल्या माणसाला हे वाचले की तो कवी परका वाटत नाही. पाळीवरून सुटलेला, कपड्यांना कापसाचे तूस चिकटलेला आपल्याच खोलीतला एखादा भाऊबंद वाटतो.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या सगळ्या मुलांना ठाऊक असायला हवी. चाळीत एका माणसाने त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखव म्हणाला. तरुण वामनला वाचता येईना. त्या लाजेने ते रडले. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. पुढची जोडाक्षरे त्यांनी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून वाचून पक्की केली. समता सैनिक दलात ते होतेच. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. तेव्हा त्यांना विसावे सरून एकविसावे चालू होते. ज्या हाताला लहानपणी पाटी मिळाली नाही, त्या हाताने पुढे साठ वर्षे हजारो गाणी लिहिली. १९७३ साली ‘वाटचाल’, १९७६ साली ‘मोहळ’ आणि पुढे ‘हे गीत वामनचे’ असे त्यांचे संग्रह निघाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन आहे. मराठी चित्रपटांसाठीही त्यांनी काही गाणी लिहिली. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. जो माणूस पत्र वाचता येत नाही म्हणून रडला, तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. यापरते शिक्षणाचे महत्त्व अजून काय सांगावे?

जलशाची वाट

पण वामनदादा एकटे आकाशातून पडले नाहीत. त्यांच्या मागे वाट तयार होती. गावोगावच्या तमाशात आपलीच माणसे ढोलकी वाजवत होती, नाचत होती, गात होती. कला आपली होती, पण करमणूक दुसऱ्यांची होती आणि मान कोणाचाच नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या विचाराचे जलसे निघाले आणि तमाशाचाच साचा घेऊन लोकांना भटशाही, सावकारी आणि अडाणीपणाविरुद्ध जागे करू लागले. तोच धडा घेऊन आंबेडकरी जलसे उभे राहिले. आरंभीचा गण बदलला, गवळण गेली. तिच्या जागी पाण्याचा प्रश्न आला, शिक्षण आले, दारू सोडा असे सांगणे आले.

तो काळच तसा होता. १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. ते महाड आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी वामनदादा सात वर्षांचे होते, त्याच जिल्ह्यात गुरांमागे हिंडत होते. त्याच नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक यांचा जलसा पुढे आला. आडनाव एक आणि जिल्हा एक, म्हणून पुष्कळ लोक भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात. भीमराव आधीच्या पिढीतले. त्यांनी जलशांचा इतिहास १९७८ साली पुस्तकात लिहून ठेवला, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आपल्या दहा सभांनी जे काम होते ते एका जलशाने होते, असे बाबासाहेब म्हणत, असे आपल्यात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते.

हे काम मोठे का होते? कारण ऐकणारा समाज निरक्षर होता. ‘मूकनायक’ निघाला, ‘बहिष्कृत भारत’ निघाला, पण वाचणार कोण? एक जण वाचायचा आणि वीस जण ऐकायचे. गाण्याला तेवढ्या एकाचीही गरज नाही. कानात शिरले की ते आपले झाले. शेतात जाते, मिठागरात जाते, जात्यावर बसते. आपले वर्तमानपत्र, आपली शाळा आणि आपला इतिहास हे सर्व काही वर्षे गाण्यातच होते.

गाणे जासईला कसे आले

आपल्याकडे हे गाणे समुद्रावरून आले असे आम्ही म्हणतो. कारण आपली माणसे मुंबईत गोदीत, गिरणीत, मुन्शिपाल्टीत कामाला होती. सणावाराला भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, मोऱ्याला उतरायचे आणि पुढे घर गाठायचे. पिशवीत पोरांसाठी बटर, खारी आणि एखादी गाण्याची पुस्तिका. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेलेला माणूस परत येताना दोन वस्तू हमखास आणायचा, बाबासाहेबांची तसबीर आणि चार-आठ आण्यांची गाण्यांची पुस्तिका. आमच्या घरी तसबिरीच्या मागे अशा पुस्तिका खोचलेल्या असत. कागद पिवळा, छपाई पुसट, पण त्यातले शब्द आम्हाला पाठ होते.

ज्याला वाचता येई तो एक ओळ मोठ्याने वाची, बाकीचे म्हणत. पेटी नव्हती तेव्हा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला जाई. पुढे वर्गणी काढून पेटी आली, ढोलकी आली, कोणीतरी बेंजो आणला. चाल कधी जुन्या लावणीची, कधी कव्वालीची, कधी चालू सिनेमाच्या गाण्याची. वामनदादांचे शब्द असे सोपे की कोणत्याही गळ्यात बसावेत. कोटी कुळांच्या उद्धाराचे त्यांचे गाणे लागले नाही तर आपल्याकडे आजही जयंती झाल्यासारखी वाटत नाही. पण त्यांनी नुसती स्तुती केली नाही. बाबासाहेबांच्या मागे त्यांच्या मताची मोजकी माणसेसुद्धा उरली नाहीत, हे दुःख त्यांनी गाण्यातूनच आपल्या तोंडावर सांगितले. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे तुकडे दोनच वर्षांत पडू लागले, ते पाहिलेला माणूस दुसरे काय गाणार? टाळ्या वाजवणाऱ्यालाच जाब विचारायचा, ही त्यांची हिंमत.

त्यांचे दुसरे एक गाणे आहे. त्यात ते बड्या धनवंतांची नावे घेऊन विचारतात की या देशाच्या धनात आमचा वाटा कुठे आहे. हे गाणे आमच्या मनात कायमचे बसले ते १९८४ साली. आपणा सर्वांना ठाऊक आहे की नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. आपल्या जासईचेच सुपुत्र लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या रक्तातून आले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या दिवसांत गावात चूल पेटत नव्हती, अशी कळा होती. आमच्या वाडीतली माणसेही त्या लढ्याच्या बाजूने होती. पण रात्री ओट्यावर बसल्यावर वडीलधाऱ्यांच्या तोंडी वेगळाच सवाल येई. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला आज ना उद्या काही मिळेल. पण ज्याने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर आणि मिठागरावर घाम गाळला, ज्याच्या नावावर हातभर तुकडा नाही, त्याचा वाटा कोणता? तेव्हा कोणीतरी हळूच ते वाट्याचे गाणे सुरू करी. त्यात आपल्या गावाचे नाव नव्हते, तरी ते आपलेच वाटे. कुठे सिन्नर, कुठे शिवडी आणि कुठे जासई, पण सवाल एकच.

प्रत्यक्ष ऐकणे

वामनदादांना आम्ही प्रत्यक्ष ऐकले ते तीन वेळा. पहिल्यांदा वडिलांचे बोट धरून पनवेलच्या बाजूला एका वस्तीतल्या जयंतीत. दुसऱ्यांदा मुंबईत. आम्ही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा मोठा संप होऊन जवळजवळ दहा वर्षे झाली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाही. त्या उदास दिवसांत चाळीच्या मैदानात त्यांचा कार्यक्रम होता. रात्रपाळी बुडवून गेलो. एका पाळीचा रोज गेला, त्याचे आजही दुःख नाही. तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा ते थकले होते.

आजच्या मुलांना कळावे म्हणून सांगतो, तेव्हा कार्यक्रम कसा होई. आधी त्रिशरण-पंचशील. मग पुढाऱ्यांची भाषणे, ती लांबतच. रात्री दहा-अकराला गाणे सुरू. आधी एखादा शेर, मग त्याचा अर्थ, मग ध्रुपद. कोरसवाले ध्रुपद उचलत. प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा ध्रुपद, आणि मधेच गाणे थांबवून चार शब्द समजावणे. लोक उठून रुपया, दोन रुपये, पाच रुपये पेटीवर ठेवत आणि माईकवरून देणाऱ्याचे नाव पुकारले जाई. त्यात मोठा मान होता. ज्या बाईचे नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिलेले नसे, तिचे नाव भोंग्यातून चार वस्त्यांत ऐकू जाई. असे एक गाणे वीस-पंचवीस मिनिटे चाले. लहान मुले आईच्या मांडीवर झोपून जात. पहाटेचा गार वारा सुटे तरी माणूस हलत नसे.

वामनदादा गात तेव्हा गळ्याच्या कसरती नव्हत्या. शब्द स्वच्छ ऐकू येई, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही. आणि शेवटच्या कडव्यात कुठेतरी ‘वामन’ हे नाव येई. ते आले की मैदानाला कळे, गाणे पुरे झाले. टाळ्या त्या नावावर पडत.

गाणे आखूड कसे झाले

आता चुकीकडे येतो. आधी काळाची चूक, मग आमची.

मैदानात पंचवीस मिनिटे चालणारे गाणे ग्रामोफोनच्या तव्यावर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. पुढे कॅसेट आली. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे, त्यात पाच-सहा गाणी. साहजिकच कडवी कमी झाली. आम्ही कॅसेटला दोष देत नाही. प्रल्हाद शिंद्यांचा बुलंद आवाज कॅसेटनेच आपल्या घरात आणला, विठ्ठल उमपांचा पहाडी आवाज आणला. गायकाचे नाव कॅसेटवर ठळक असे. कवीचे नाव असलेच तर आतल्या कागदावर बारीक, आणि तो कागद पहिल्याच आठवड्यात हरवे. गाणे घरोघर गेले, कवी मात्र बाहेरच उभा राहिला.

आणि आम्ही काय केले? १९९५च्या सुमारास आमचे एक गायन मंडळ होते. पाच-सहा तरुण, एक पेटी, एक ढोलकी, आणि गाणारे आम्ही. कार्यक्रमाला वेळ थोडा मिळे. पुढे वक्ते बसलेले. मग गाणे आखूड कसे करायचे? सोपा मार्ग म्हणजे शेवटचे कडवे सोडून द्यायचे. सुरुवात लोकांना पाठ असते, मधला भाग जोरकस असतो, शेवटाकडे कोणाचे लक्ष जाणार? वहीत उतरवतानाही आम्ही शेवटचे कडवे गाळू लागलो. एकदा तर माईकवरून ‘आमच्या मंडळाचे गीत’ असे पुकारले गेले. आम्ही ते ऐकले आणि दुरुस्त केले नाही. मनातून बरे वाटले, हेही लपवत नाही.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहार म्हणजे तेव्हा चार खांब आणि वर पत्रे. आम्ही गाणे संपवून पेटीचा भाता लावत होतो. बायकांच्या रांगेतून वाडीतली एक आजी उठली. आयुष्य मिठागरात गेलेले, पायांना भेगा पडलेल्या. ती म्हणाली, “आरं पोरा, उठतोस कुठं? गाणं कुठं संपलं? त्याचं नाव यायचंय अजून.”

आम्ही म्हणालो, “आजी, वेळ नाही. वक्ते थांबलेत.”

“येळ नाय?” ती म्हणाली. “आरं, त्यानं सही केलीय ती. रेशनवर माझा अंगठा. मिठागरात माझा अंगठा. पोराच्या शाळेतबी अंगठा. आपल्यातला एक मानूस सही करायला शिकला, आनि तू ती पुसतोस?”

सगळा मांडव गप्प झाला. मग तिने उभ्यानेच ते शेवटचे कडवे म्हटले. पेटी नाही, ढोलकी नाही. दुसऱ्या ओळीला बाकीच्या बायका मिळाल्या. ‘वामन’ आला तेव्हा ती खाली बसली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

तिला पत्राची ती गोष्ट ठाऊक होती की नाही, कोण जाणे. पण तिने नेमके तिथेच बोट ठेवले. ज्या माणसाला पत्र वाचता येत नव्हते, त्याने पुढे आपल्या गाण्याखाली स्वतःचे नाव घातले, तेही कागदावर नाही तर ऐकणाऱ्याच्या कानात. कागद फाटेल, पुस्तिका वाळवी खाईल, कॅसेटची फीत गुंतेल. पण जोवर गाणे पुरे म्हटले जाईल तोवर सही राहील. ती एकच मालमत्ता त्याच्या नावावर होती, आणि ती आम्ही पाच मिनिटांसाठी विकत होतो.

नाव राखणे ही आपली जुनी रीत

नंतर वाचन वाढले तसे आम्हाला कळले की ही रीत फार जुनी आहे. चोखामेळ्याला देवळाबाहेर ठेवले, पण अभंगाच्या शेवटी त्याचे नाव होते म्हणून सहा-सातशे वर्षांनंतरही तो पुसला गेला नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. नाव उरले म्हणून अर्पण करता आले.

आणि आपल्या धम्मात तर याहून मोठे उदाहरण आहे. त्रिपिटकातील थेरीगाथेत ७३ गाथा आहेत, भिक्खुणींच्या नावानिशी. त्यात पुण्णिका आहे, जी दासी होती आणि कडाक्याच्या थंडीत पाणी भरत होती. थेरगाथेत सुनीत आहे, जो वाळलेली फुले झाडून पोट भरणारा, हीन मानलेल्या कुळातला. या गाथा कित्येक शतके केवळ पाठांतरावर राहिल्या. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले, तोवर कागद नाही, पुस्तक नाही. तरी पाणी भरणाऱ्या दासीचे नाव संघाने गळू दिले नाही. शतकानुशतके एका तोंडून दुसऱ्या तोंडी गेले आणि शाबूत राहिले. आणि आपल्याकडून एका कवीचे नाव तो जिवंत असतानाच गळू लागले होते. यावर प्रत्येकाने विचार करावा.

आम्ही त्यानंतर वही काढली. निम्म्याहून अधिक गाण्यांना शेपूटच नव्हते. आजीकडे गेलो, तिच्या मैत्रिणींकडे गेलो, माहेरवाशिणी आल्या की त्यांना विचारले. दादरहून संग्रह आणून ताडून पाहिले. त्यात एक गंमत निघाली. जी गाणी आम्ही वर्षानुवर्षे वामनदादांची म्हणून म्हणत होतो, त्यांतल्या काहींच्या शेवटच्या कडव्यात दुसऱ्याच कवीचे नाव निघाले. चांगले गाणे दिसले की ते वामनदादांचे, असे आपण धरून चाललो आणि त्या लहान कवींचा वाटा मोठ्याच्या खात्यावर जमा केला. वाट्याचा सवाल ज्याने आयुष्यभर विचारला, त्याच्याच नावाने दुसऱ्याचा वाटा बुडवायचा, हे बरोबर नाही. शेवटचे कडवे म्हटले तर वामनदादाही राहतात आणि तो अनोळखी कवीही राहतो.

आता काय करावे

ती पिढी गेली. कवी-गायक विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये आपले आयुष्य संपवले, ती जखम अजून भरलेली नाही. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी नाशिकला झाले. त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत तोच २३ जून २००४ ला प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला मंचावरच कोसळले आणि गेले. आमची गिरणी बंद झाली, ती आजीही कालकथित झाली. खाडीवर मोठा पूल आला, मिठागरांच्या जागी कंटेनर उभे राहिले. गाणे मात्र आहे. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे, चौदा एप्रिलच्या डीजेत आहे. तरुण पोरे त्यावर नाचतात, त्याला आमचा विरोध नाही. आनंदाचा दिवस आहे, नाचावे. पण डीजेत ध्रुपदच फिरून फिरून वाजते. शेवटचे कडवे येतच नाही. आम्ही जे पेटीवर केले तेच आता मशीन करते आहे, म्हणून पोरांना रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. फक्त विनंती आहे.

या वर्धापन दिनी आपण तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, विहारात गाण्यांची एक जाड बांधीव वही ठेवावी. प्रत्येक गाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत लिहावे, खाली कवीचे नाव आणि ते कोणाकडून मिळाले त्या बाईचे वा माणसाचे नाव. आमची वही आम्ही त्यासाठी विहाराला देत आहोत. दोन, वाडीतल्या वयस्कर बायकांना जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भीमाची गाणी जी येतात ती त्यांच्याच आवाजात मोबाइलवर टिपून घ्यावीत. त्यांच्या रचनांत नाव नसेल तर आपण घालावे. पुढच्या वर्षी विचारू म्हणाल तर विचारायला माणूस उरणार नाही. तीन, रविवारच्या वर्गात मुलांना एक तरी गाणे पुरे पाठ करून घ्यावे, आणि माईकवर जाण्याआधी कवीचे नाव सांगायची सवय लावावी.

वेळ नसेल तर एखादे भाषण आखूड करा. आमचे आधी करा. पण गाणे म्हणायला उभे राहाल तेव्हा नाव आल्याशिवाय खाली बसू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!